लेकरानं काल काय खाल्लं

माझ्या नवऱ्याची आणि मठपती सरांची पहिली भेट मुखेडच्या एसटी स्टँडवर झाली. मी ओळख करून दिली, दोघांनी हात जोडले, आणि दुसऱ्याच वाक्याला सरांनी विचारलं, "काल रात्री काय जेवलात, जावईबापू?" नवरा सरळ माणूस. म्हणाला, पिठलं-भाकर. सर म्हणाले, "भाकर ज्वारीची का बाजरीची? किती? अर्धी ताटात उरली का? वरून काही दूध-दही?" तेवढ्यात आमची गाडी लागली म्हणून सुटका झाली. गाडीत बसल्यावर नवरा मला म्हणाला, "तुझे सर डॉक्टर हायेत का पोलीस?"

दोन्ही नव्हते. सर्व्हेवाले होते. आणि सर्व्हेवाल्याची सवय अशी अंगात मुरलेली की लग्नात पंगतीला, दवाखान्यात रांगेला, एसटीत कंडक्टरला, जो भेटेल त्याला हा माणूस काल काय खाल्लं ते विचारायचा. लोक हसायचे, पण सांगायचे. खाल्लेलं सांगायला माणसाला आवडतं, हे मला सरांमुळं कळलं.

आमचं काम लातूरच्या एका संस्थेचं होतं. ऐकायला सोपं. ज्या घरात सहा महिने ते दोन वर्षांचं लेकरू आहे त्या घरी जायचं आणि आईला विचारायचं की लेकरानं काल दिवसभरात आणि रात्रीत काय-काय खाल्लं, किती खाल्लं. ते टॅबवर भरायचं. त्यावरून ऑफिसातली माणसं हिशोब काढायची की लेकराच्या पोटात लोह किती गेलं, अ जीवनसत्त्व किती, जस्त किती. पोट भरलेलं लेकरूसुद्धा आतून उपाशी असतं, आणि ती उपासमार नुसतं बघून कळत नाही. म्हणून विचारायचं. या आकड्यांवरून पुढं कोणत्या गावातल्या लेकरांना काय पुरवायचं ते ठरणार होतं. ज्या गावचे आकडे चांगले, त्या गावाला काही नाही. एवढं साधं होतं ते.

सर मूळचे उदगीरकडचे, राहायला लातुरात. नाव शिवलिंग. उभा जन्म सर्व्हेत गेला. जनावरं मोजली, विहिरी मोजल्या, हिवतापाचे रोगी शोधले, मतदारयाद्या तपासल्या. सगळं हंगामी. काम संपलं की नारळ. पन्नाशी उलटून गेल्यावर या कामात त्यांना पहिल्यांदा गटप्रमुख केलं आणि गळ्यात घालायला फोटोचं कार्ड दिलं. कार्डावर नावाआधी हुद्दा छापलेला होता. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू सांगायच्या, "कार्ड जेवताना बी काडत न्हाईत ओ. आमटी सांडली त्याच्यावर, तर मलाच बोल्ले."

ऐट फार. पांढरा सदरा, तोही खळ घालून कडक केलेला. धुळीच्या रस्त्यावर जीपमधून उतरताना आम्ही सगळे भुतं दिसायचो आणि हे मात्र रुमालानं कॉलर झटकत उभे. हातात बारा महिने छत्री. ऊन-पावसासाठी नव्हे, कुत्र्यांसाठी. सर कुत्र्याला भयंकर भ्यायचे. कुत्रं दिसलं की छत्री उघडायचे. मारायला नाही, मध्ये धरायला. छत्रीआडून त्या कुत्र्याला "अरे, मी सर्व्हेचा हाय" असं सांगताना मी त्यांना कानानं ऐकलंय. मी हसले तर म्हणाले, "हस माय, हस. तुला अजून चावलेलं न्हाई."

मला ते माय म्हणायचे. सगळ्याच बायकांना म्हणायचे. पण सुरुवातीला मी त्यांच्यापासून चार हात लांबच होते, खोटं कशाला सांगू. ते मठपती, म्हणजे लिंगायतांतले जंगम, गळ्यात लिंग, घरी कांद्याचासुद्धा वार बघून वापर. मी मुखेडच्या बौद्धवाड्यातली. अशी माणसं तोंडानं माय म्हणतात आणि डबा उघडला की उठून नळावर जातात, हे मी शाळेपासून बघत आलेय. म्हणून पहिल्याच दिवशी मी मुद्दाम डब्यात सुकट नेली. झणझणीत, लसूण घालून. म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

लिंबाखाली आम्ही जेवायला बसलो. मी डबा उघडला. वास सगळीकडं गेला. सरांनी आपला डबा उघडला, माझ्या डब्याकडं बघितलं आणि विचारलं, "सुकट कालची का आजची?" मी म्हटलं, आजची. "किती तेल घातलं?" मी सांगितलं. मग ते शांतपणे भाकर मोडायला लागले. जागचे हलले नाहीत. मीच शेवटी विचारलं, "सर, वासाचा त्रास न्हाई का होत?" ते म्हणाले, "होतो की. पण माझं पोट शाकाहारी हाय माय, नाक न्हाई. आन् सुकटीत चुना लई असतो, हाडाला चांगला. लेकराला देतीस का?" मला तेव्हा लेकरू नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाले, झाल्यावर दे. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी नीट बोलायला लागले.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक घोळ झाला. एका घरातलं लेकरू खरंच गोजिरं होतं. मी बोलून गेले, "किती गुटगुटीत आहे हो तुमचा बाळ." झालं. त्या बाईनं लेकराला पदराखाली घेतलं, आणि पुढं मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच. "काय न्हाई खात बाई. तोंडच लावत न्हाई." दूध? न्हाई. भात? न्हाई. वरण? कुठलं काय. मी भरलेलं बघितलं तर ते लेकरू वाऱ्यावर जगत होतं. बाहेर पडले तोवर मागून मीठ-मिरच्या जाळल्याचा खाट आला आणि मला ठसका लागला.

सरांना सांगितलं. त्यांनी पुढच्या घरी मला सोबत नेलं. तिथलंही लेकरू गोल गरगरीत, टोपडं डोक्यावर मावत नव्हतं. सर वट्ट्यावर टेकले आणि तोंड वाईट करून म्हणाले, "काय माय, लेकरू लईच किडकिडं दिसून राहिलंय. खात-बीत न्हाई वाटतं काही?" ती बाई उसळलीच. "खात न्हाई म्हंजी? काल सकाळी दूद-भाकर खाल्लीया. दुपारला वरण-भात, आज्याच्या मांडीवर बसून, त्याच्याच पितळीत. सांजच्याला परत दूद. किडकिडं म्हनं." सर मान हलवत एकेक भरत होते. मग म्हणाले, बरं, दूध-भाकरीची वाटी दाव. वाटी आली. तिच्यात जिथवर दूध-भाकर होती तिथवर पाणी भरायला लावलं आणि ते मापाच्या भांड्यात ओतून बघितलं. आज्याच्या पितळीतलं किती आणि लेकराचं किती, यावर मात्र आज्याशी चांगली हुज्जत झाली.

गल्लीत आल्यावर मला म्हणाले, "आईसमोर लेकराला नावं ठेवावी. मग ती भांडती. आन् भांडताना माणूस खरं बोलतं." मी म्हटलं, सर, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही. ते म्हणाले, ट्रेनिंग देणाऱ्यांना लेकराची दृष्ट काढून माहीत असती तर सांगितलं असतं.

असंच मिठाचं. प्रत्येक घरातलं चिमूटभर मीठ घेऊन त्यावर औषधाचा थेंब टाकायचा. आयोडीन असलं की जांभळा रंग येतो. आमच्यातल्या एकानं आपला तळवा पुढं केला आणि म्हणाला, मावशी, मीठ द्या. मावशीनं हात मागं घेतला. मीठ हातात दिलं की भांडण होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सर जमिनीवर ताटली ठेवायचे, तिनं ताटलीत टाकायचं, सरांनी ताटलीतून घ्यायचं. कुणाचं कुणाशी भांडण नाही. रंग बदलताना बघायला गल्लीतल्या बायका जमायच्या आणि आपापलं मीठ घेऊन यायच्या. एकीच्या खड्याच्या मिठाला रंगच आला नाही. बाई हिरमुसली. सर तिला म्हणाले, "तू कशाला मान खाली घालतीस? पुडीतलं मीठ आण पुढच्या बाजाराला. हे म्हशीला ठेव."

इथं सर नियम मोडत होते. आमचा नियम असा होता की विचारायचं, सांगायचं नाही. आणि द्यायचं तर मुळीच नाही. दिलं-सांगितलं की घर बदलतं, आणि बदललेलं घर मोजून उपयोग काय. नियम बरोबरच होता. सरांना तो पाठ होता, आम्हाला त्यांनीच शिकवला होता. पण विचारून गप उठणं त्यांना जमायचं नाही, ते त्यांच्या रक्तातच नव्हतं.

तरी विचारण्यात कधी कसूर नाही. टॅबवर खाण्याची लांब यादी होती आणि ती प्रत्येक घरी पूर्ण वाचायची होती. पालेभाजी, पपई, गाजर, अंडी, मासे, मटण, कलेजी. शाकाहारी घर दिसलं की बाकीचे लोक मधलं गाळून पुढं जायचे. सर गाळत नसत. उदगीरच्या बाजूला एका लिंगायत घरी त्यांनी "कलेजी" म्हटलं आणि म्हातारी सासू कपाळाला हात लावून बसली. "मठपती असून असं बोलतासा व्हय?" सर म्हणाले, "मी न्हाई विचारत, अव्वा. ही पाटी विचारती." टॅबला ते पाटी म्हणायचे. "हिला जात न्हाई, धर्म न्हाई. निस्ती चार्जिंग लागती." सून तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, अंडं-बिंडं आमच्यात कोण शिवत न्हाई. सरांनी तसं भरलं. मग सून मीठ आणायला आत गेली तेव्हा म्हातारी पुढं सरकली आणि बारीक आवाजात म्हणाली, "काल दिलंय. शेजारणीकडं उकडून. लेकरू लई अशक्त व्हतं, डाक्टर म्हनला. सुनंला सांगू नगा." सरांनी चेहरा जरासुद्धा न हलवता विचारलं, "अर्धं का अख्खं?" "बलक निस्ता." सरांनी बलक भरला. बाहेर आल्यावर जीपपाशी थांबले. मग म्हणाले, "म्हातारीच्या पाया पडायला पायजे होतं." मला वाटलं चेष्टा करतात. करत नव्हते.

आता लाडवाचं सांगते, कारण सरांचं सगळं तिथंच अडलं.

मुखेडकडच्या गावांत सोयाबीनची काढणी चालू होती. बाया उजाडायच्या आधी रानात. लेकरं म्हाताऱ्यांकडं, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. घरोघर एकच उत्तर. काल लेकरानं काय खाल्लं? चहात बिस्कूट. सकाळी? चहात बिस्कूट. दुपारी? भाताचं पाणी. संध्याकाळी? बिस्कूट. सर भरत होते. पण ते जेवेनासे झाले. डबा उघडायचे आणि कुणाला तरी देऊन टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई माय, पित्त झालंय."

मग पित्त गेलं. सर पुन्हा जेवायला लागले, शीळ घालायला लागले. मला बरं वाटलं. मी काही खोलात गेले नाही.

आमच्या पद्धतीत काही घरांत दुसरी फेरी असायची. पहिल्यानं एक माणूस जाऊन आलेला, मग आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यानं जायचं आणि पुन्हा तेच विचारायचं. एका दिवसावरून लेकराचं खाणं कळत नाही म्हणून. सरांच्या गावांतली काही घरं दुसऱ्या फेरीला माझ्याकडं आली. पहिल्या घरी बाई म्हणाली, काल दूध, भात, आणि लाडू. लाडू कसला? शेंगदाणे, गूळ, तीळ, हाळीव. मी खूश झाले, म्हटलं वा, पौष्टिक आहे. दुसऱ्या घरी लाडू. तिसऱ्या घरी लाडू, त्यातही हाळीव. मजुरीवर जाणाऱ्या घरांत हाळीव कुठून आले? मी विचारलं, मावशी, लाडू कुणी केला? म्हणाली, "सरांनी दिलाय ना. डबाभर. रोज एक कुस्करून दुदात घाल म्हनले. दात न्हाईत, अख्खा देऊ नगं म्हनले." कोणते सर? "ते पांढरे सदरेवाले. कुत्र्याला भितात ते."

मी टॅब खाली ठेवला. ज्या माणसानं आम्हाला शिकवलं की लेकराच्या हातावर चॉकलेटसुद्धा ठेवू नका, त्यानं लाडू वाटले होते. आणि दुसऱ्या फेरीला मी एकटी नव्हते, आणखी दोघं होते. ते आपले "घरचा लाडू" म्हणून भरून मोकळे झाले असणार. टॅबवर ती लेकरं आता दणकट दिसत होती. लोह भरपूर, जस्त भरपूर.

सर मला जळकोटच्या स्टँडवरच्या हॉटेलात भेटले. मी सांगितलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता. कप कलला, चहा सदऱ्यावर सांडला. या माणसानं सदऱ्याकडं बघितलं नाही.

मी म्हटलं, "सर, माझ्याकडची घरं मी बघते. लाडू भरतच न्हाई. लाडू सोडला तर जे उरतं ते त्यांचं रोजचंच हाय ना? उलट बरोबरच येईल. बाकीच्या दोघांना बी मी समजावते."

"काल लेकरानं लाडू खाल्ला का?"

"खाल्ला, पण—"

"लाडू खाल्ला म्हणून मग भात कमी खाल्ला असंल. दूध कमी पिलं असंल. पोट एकच हाय त्याला. लाडू काढून टाकला म्हंजी लाडू नसतानाचं लेकरू न्हाई मिळत माय. तिसरंच लेकरू होतंय ते, कुणाच्या घरचंच न्हाई."

मला राग आला. "सर, काढून टाकतील तुम्हाला. कार्ड घेतील काढून. काकूंना काय सांगणार?"

"घेऊ दे." मग म्हणाले, "मी काय करून बसलो बघ. माझे लाडू संपतील दोन हप्त्यात. पण पाटीवर ही गावं खाऊन-पिऊन सुखी झाली. उद्या इथं काही यायचं असंल ते येणार न्हाई. ह्या लेकरांच्या तोंडचं मीच काढलं ना." आणि हा एवढा ऐटबाज माणूस हॉटेलात सगळ्यांसमोर रडला. मी आपलं पाणी पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सर आपण होऊन लातूरच्या ऑफिसात गेले. मला म्हणाले, तू चल, घरं तुझ्या ध्यानात हायेत. ऑफिसच्या मॅडम वयानं लहान, पण माणूस चांगला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्हीच असं करावं?" सर उभेच होते. म्हणाले, "न्हाई राहवलं मॅडम." मॅडम म्हणाल्या की आहे त्या माहितीतून काही वाचतं का बघू, लाडवात काय-काय किती आहे ते तरी सांगा. सरांनी तिथूनच काकूंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "अगं, लाडवात शेंगदाणे किती घालतीस?" काकू म्हणाल्या, "घालते अंदाजानं." "हाळीव?" "मुठीनं." "आगं, मूठ म्हंजी किती, मापानं सांग." "मापानं कोण करतंय ओ लाडू? हाताला कळतंय की. तुम्ही जेवलात का?" जन्मभर दुसऱ्यांच्या वाट्या मोजलेला माणूस फोन धरून तसाच उभा राहिला. मॅडमना हसू आलं, आणि मग त्यांचेही डोळे भरले.

पण निकाल जो लागायचा तो लागला. त्या गावांची माहिती रद्द. लाडू संपून काही आठवडे गेल्यावर तिथं सगळं पहिल्यापासून मोजायचं. आणि सर कामावरून कमी. मॅडमना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि सरांनीही मागितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पण परत मोजणार ना? नक्की?" मॅडम म्हणाल्या, नक्की. सरांनी गळ्यातलं कार्ड काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवलं. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. आधी कधी धरलेला मी बघितला नव्हता.

त्यानंतर सर स्वतः एसटीनं त्या गावांत फिरून आले. घरोघर सांगितलं की आता लाडू बंद. हे मला पुढं बायांकडून कळलं. एक जण म्हणाली, "आमी इचारलं, सर, आमचं काय चुकलं का? तर म्हनले, तुमचं न्हाई माय, माझं चुकलं. आन् पानी बी न पिता गेले." का बंद ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायांनी पुढच्या वेळी आम्हाला काय सांगायचं ते मनात ठरवून ठेवलं असतं. तेवढं भान त्या अवस्थेतही होतं त्यांना.

परत मोजायला आम्ही उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलो. मी होते, नवा गटप्रमुख होता. पहिली फेरी झाली, दुसरी फेरी झाली. पुन्हा तेच, चहात बिस्कूट, भाताचं पाणी. मी भरत होते आणि मला कळत होतं की सरांना तेव्हा पित्त कसलं झालं होतं. अधूनमधून सरांचा फोन यायचा. कसं काय, बरं हाय का, आज कोणत्या गावात. मी सांगायची. काम सुटल्यावर घरी करमत नसेल, म्हणून विचारतात असं मला वाटायचं.

शेवटचं गाव जळकोटच्या अलीकडचं. दुपार कलायला आली होती. मी शेवटचं घर उरकलं, टॅब बंद केला आणि शिवेवर लावलेल्या जीपकडं चालत आले. तर रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत मठपती सर बसलेले. वाळले होते. बाजूला कापडात बांधलेले दोन मोठे डबे.

मी म्हटलं, "सर, तुम्ही कधी आलात?"

ड्रायव्हरच बोलला. "सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेत, म्याडम. मी किती येळ म्हनलो, आत चला, सावलीत बसा, कुनीबी पानी देईल. तर म्हनले, आत लेकरांचं काल मोजून राहिलेत, मी जाऊ नये."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "झालं का माय?"

"झालं, सर."

"दुसरी फेरी बी?"

"दुसरी फेरी बी झाली. ह्या गावाचं सगळं झालं. आता कुणी यायचं न्हाई विचारायला."

"खरं?"

"खरं, सर."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मी डबे उचलायला पुढं झाले, तर म्हणाले, तू नको, तुझ्या गळ्यात कार्ड हाय. दोन्ही डबे त्यांनी स्वतः उचलले, कॉलर नीट केली आणि गावात निघाले. आमची जीप सुरू झाली तेव्हा ते पहिल्याच घराच्या दारात वाकून चपला काढत होते, आणि आतून कुणीतरी बाई निजलेल्या लेकराला उठवत होती.